काऊनचा तास

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक पाटी टांगलेली असे. लाकडी चौकटीची, पहिलीच्या पोराकडे असते तशीच, फक्त तिच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली होती. रेघेच्या डाव्या बाजूला ‘अशुद्ध’ आणि उजव्या बाजूला ‘शुद्ध’, असे माझ्या वडिलांच्या, म्हणजे बाबूजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेले. घरात कोणी बोलण्यात चुकले की बाबूजी जेवण आटोपून, हात धुऊन, आधी पाटीकडे जात, मग सुपारीकडे. ‘मले’ डावीकडे जाई, ‘मला’ उजवीकडे. ‘पानी’ डावीकडे, ‘पाणी’ उजवीकडे. पण डावीकडे सगळ्यांत जास्त वेळा जे लिहिले गेले ते ‘करून राहिलो’, आणि उजवीकडे त्याचे सोवळे रूप, ‘करत आहे’. आमच्या पांढुर्णा-सौसर भागात कोणी काही करत नसते, करून राहिलेले असते. पाऊस येऊन राहिला, दूध उतू जाऊन राहिलं, मास्तर मारून राहिले. हे बाबूजींच्या कानाला खड्यासारखे लागे. मला त्यांच्या या पाटीचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आणि दोन्ही एकाच जेवणात.

बाबूजी पांढुर्ण्याच्या आमच्याच शाळेत मराठी शिकवत. स्वतः सौसरकडच्या शेतकऱ्याचे पोर, कापसाच्या गंजीवर उड्या मारत वाढलेले. पण नागपूरला शिक्षकाचे शिक्षण घ्यायला गेले, तिथे वर्गात काहीतरी बोलले आणि चाळीस जण हसले. काय बोलले ते त्यांनी आम्हाला कधीही सांगितले नाही. परतले ते ही पुस्तकी मराठी अंगावर चढवूनच, आणि पुढे ती त्यांनी झोपेतसुद्धा उतरवली नसावी. आमचे गाव हिंदी राज्यात मोडते, त्यामुळे पोस्ट, बँक, स्टेशन सगळीकडे हिंदी चाले, पण बाबूजी सगळीकडे मराठीच बोलत. स्टेशनच्या खिडकीशी ते म्हणत, ‘नागपूरचे एक तिकीट कृपया द्यावे.’ आतला बाबू हिंदी मुलखातला. तो हमालाला हाक मारी, हमाल त्याला सांगे की गुरुजी नागपूरले जाऊन राहिले, आणि बाबूला लगेच समजे. बाबूजी तिकीट घेत आणि हमालाकडे पाहतसुद्धा नसत.

माझी आई रामाकोन्याची. तिच्या तोंडी आमच्या भागाची बोली चुलीवरच्या वरणासारखी सारखी रटरटत असे, आणि ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे अशी तिची सांगायची तऱ्हा होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. त्यांना सगळे ‘मोठे सर’ म्हणत. आईने आतून आनंदाने सांगितले, “बसा ना भाऊ, भजे तळून राहिली.” बाबूजींनी पाहुण्यांसमोर, अगदी शांतपणे, दुरुस्ती केली, “तळत आहे.” त्या दिवसापासून आई पाहुण्यांसमोर बोललीच नाही. पाणी आणून ठेवायची, मान हलवायची, आत जायची. आमच्याजवळ आणि शेजारच्या बायांजवळ ती पूर्वीसारखीच बोले, पण बैठकीच्या खोलीत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. पाटीवर मात्र तिचा पदर वरचेवर लागायचा आणि दर वेळी डावी बाजूच पुसली जायची. मी नववीत होते तेव्हा मैत्रिणींना सांगत असे की माझ्या आईला कमी बोलायची सवय आहे. मला तिची लाज वाटायची, हे आज लिहिताना मला माझीच लाज वाटते.

त्याच वर्षी माने सर आले. आले म्हणजे, खरे तर जायला निघाले होते. ते साताऱ्याकडचे. त्यांची बहीण आमच्या गल्लीत दिलेली, तिला भेटायला म्हणून ते आठ दिवस आले होते आणि तिथून पुढे अमरावतीला एका कॉलेजात मुलाखतीला जायचे होते. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस, खांद्याला पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. स्टेशनवर त्यांनी हमालाला गाडीचे विचारले, तर तो म्हणाला, “येऊन राहिली.” माने सरांच्या साताऱ्याच्या कानाला ते असे ऐकू आले की गाडी आलेली आहे आणि येऊन थांबून राहिली आहे. राहिली आहे तर घाई कसली, म्हणून ते बाहेर जाऊन निवांत चहा प्याले. आमच्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटे थांबते. ते परत आले तेव्हा फलाटावर हमाल तेवढा होता, आणि तो त्यांनाच रागावला की सांगितलं होतं ना साहेब, येऊन राहिली म्हणून. मुलाखत हुकली. मोठ्या सरांना त्याच आठवड्यात इतिहासाचा शिक्षक सोडून गेला होता. अशा रीतीने माने सर पांढुर्ण्याला येऊन राहिले.

इतिहास ते बरा शिकवत, बराही म्हणता येणार नाही. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. वेळापत्रकात मोठ्या सरांनी त्या चौकोनात ‘इतर’ असे लिहिले, कारण तत्त्वज्ञान लिहिले असते तर पालकांनी विचारले असते की हे परीक्षेला आहे का. पहिल्या शनिवारी सर आत आले, आणि फळ्यावर काही न लिहिता म्हणाले की या तासाला उत्तराला मार्क नाहीत, प्रश्नाला आहेत. वर्गाने एकमेकांकडे पाहिले. मागच्या बाकावरून सावरगावचा गजा म्हणाला, “काऊन?” सरांना वाटले गावाचे नाव सांगतो आहे. आम्ही समजावून सांगितले की काऊन म्हणजे का. सरांनी तो शब्द पिशवीतल्या वहीत लिहून घेतला आणि गजाला पहिला मार्क दिला. तेव्हापासून पोरांनी त्या तासाचे नाव ‘काऊनचा तास’ ठेवले, आणि ते पुढे बरीच वर्षे टिकले.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी गजाचे आणि पांढुर्ण्याच्या पोरांचे भांडण जुंपले. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला सावरगाव. कोणीतरी सहज म्हणाले, गजा पलीकडचा. गजा उठला आणि म्हणाला की मी अलीकडचा आहे, पलीकडचे तुम्ही. आमच्याकडे हा प्रश्न दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगडांनी सोडवायची रीत आहे, आणि इतक्या पिढ्या दगड मारूनही तो सुटलेला नाही. माने सरांनी मात्र दोघांनाही खाली बसवले आणि विचारले की नदीच्या मधोमध उभे राहिले तर पलीकडे कुठे असते. मग एक जण म्हणाला दोन्हीकडे, एक जण म्हणाला कुठेच नाही, आणि गजा म्हणाला की पाण्यात जो उभा असतो त्याला दोन्हीकडचे दगड लागतात, एवढेच त्याला मालूम आहे. सर इतके हसले की दोरा सुटून चष्मा पडला. त्या दिवशी घरी जाताना मला वाटले, आपण रोज बोलतो त्या शब्दांच्या आत कोणीतरी बसलेले आहे आणि आतापर्यंत ते आपल्याला दिसलेच नव्हते. मी चौदा वर्षांची होते. इतका आनंद मला शाळेत आधी कधी झाला नव्हता.

बाबूजींना हा तास आवडत नव्हता. ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याला गुण द्यायचे कशावर, हा त्यांचा शिक्षकी सवाल होता. पण माने सर त्यांना फार आवडत, कारण ते साताऱ्याचे आणि त्यांची मराठी जन्मजात. घराच्या कानावर चांगली भाषा पडावी म्हणून त्यांनी सरांना एका रविवारी जेवायला बोलावले. आईने गोळाभात केला होता. सर पहिला घास घेऊन थांबले आणि दारामागे उभ्या असलेल्या आईकडे वळून म्हणाले की वहिनी, हा कसा करायचा ते सांगाल का. आईने बाबूजींकडे पाहिले. मग बाबूजींनीच सांगायला सुरुवात केली, ‘प्रथमतः हरभऱ्याची भरड डाळ घेऊन तिचे गोळे करण्यात येतात,’ आणि पुढे त्यांनी ते गोळे आधी तळले, मग त्यात दही घातले, आणि शेवटी तांदूळ टाकायला विसरले. आत आईने पळी खाली ठेवल्याचा मोठा आवाज झाला. सर ऐकून घेत होते, पण वही काही त्यांनी काढली नाही. निघताना अंगणात ते हळूच मला म्हणाले की मला तुझ्या आईकडून ऐकायचं होतं. मी ते कोणाला सांगितले नाही. सांगायचे धैर्य नव्हते.

तासावर संकट आले ते संत्र्यामुळे. गोडी संत्र्यात असते की जिभेत, असा एका शनिवारचा प्रश्न होता. गजाच्या वडिलांची संत्र्याची बाग. गजाने एकाच झाडाची संत्री पिशवीभर आणली, सरांनी बहिणीकडून गूळ आणला. अर्ध्या वर्गाने आधी गुळाचा खडा खाल्ला आणि मग संत्रे, उरलेल्यांनी नुसतेच संत्रे. गूळ खाल्लेल्यांनी तोंडे वाकडी केली आणि संत्रे आंबट ठरवले, बाकीच्यांनी गोड. मग दोन्ही पक्ष इतके तावातावाने भांडले की शेजारच्या वर्गातल्या बाई पाहायला आल्या, आणि त्यांनीही एक फोड खाल्ली. गजाने या सगळ्यातून स्वतःपुरता निकाल काढला आणि तो डोक्यात पक्का बसवून सावरगावला नेला. चार दिवसांनी बागेत व्यापारी आला. त्याने एक संत्रे सोलले आणि पोराशी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, काय रे, गोड आहे ना. गजा म्हणाला, “गोडी संत्र्यात नसते काका, तुमच्या जिभेत असते. सकाळी काय खाऊन आले?” व्यापाऱ्याला वाटले पोरगं थट्टा करते आहे. तो उठला आणि शेजारच्या बागेत गेला. दुसऱ्या दिवशी गजाचे वडील शाळेत आले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गजाचा कान.

मग इतरही तक्रारी निघाल्या. एकीच्या आईने तिला डब्यात मीठ आहे का विचारले, तर ती म्हणाली की ‘आहे’ म्हणजे नेमके काय ते आधी ठरवू. तिला मिळालेली चापट सगळ्या गल्लीने ऐकली. मोठे सर घाबरट नव्हते, पण वैतागले होते. त्यांनी माने सरांना सांगितले की पुढच्या महिन्यात सौसरला आसपासच्या शाळांचा कार्यक्रम आहे, शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. तिथे साहेबांपुढे हा तास घ्या. त्यांनी उपयोगी आहे म्हटले तर चालू, नाहीतर शनिवारचा शेवटचा तास गणिताला. माने सर बहिणीला म्हणाले की तास गेला तर मीही जातो, इतिहास शिकवायला कोणीही चालेल. बहिणीने ते आईला सांगितले, आईने मला. म्हणजे काऊनचा तास आणि सर, दोन्ही एकाच दिवशी जाणार होते. मी रात्रभर रडले वगैरे नाही, पण जेवले मात्र नाही, आणि आमच्या घरात ते जास्त गंभीर समजले जाई.

साहेबांपुढे कोणता खेळ घ्यायचा हे सरांनी ठरवले होते. त्याला आम्ही पुसापुशी म्हणत असू. ज्या गोष्टींची आपल्याला पक्की खात्री आहे त्या सगळ्या फळ्यावर लिहायच्या, आणि मग ज्या स्वप्नातही दिसू शकतात त्या एकेक करून पुसायच्या. घर पुसले जाई, नदी पुसली जाई, सरही पुसले जात. शेवटी काय उरते याचे उत्तर वर्गात कधी निघाले नव्हते, कारण तोवर घंटा व्हायची. मोठ्या सरांना घंटेचा भरवसा नव्हता. त्यांनी फर्मान काढले की शेवटचे उत्तर मुलीने द्यावे, मराठी गुरुजींच्या मुलीने, म्हणजे भाषा तरी शुद्ध राहील, आणि ते गुरुजींनी लिहून द्यावे. माने सरांनी हात जोडून सांगून पाहिले की पाठ केलेले उत्तर या तासाला चालत नाही. ते कोणी ऐकले नाही. बाबूजींनी तीन दिवस खपून एक वाक्य तयार केले. ते मला आजही पाठ आहे, ‘अंततोगत्वा मानवी विवेकबुद्धी हीच केवळ अबाधित राहते, असे मी येथे नम्रतापूर्वक नमूद करू इच्छिते.’ मी ते विहिरीवर म्हटले, आंघोळ करताना म्हटले, पोळ्या लाटणाऱ्या आईपुढे म्हटले. आईने नीट ऐकून घेतले आणि विचारले, “अन थे तू कोनाले सांगून राहिली?”

सौसरला आम्ही बसने गेलो. वाटेत लोधीखेड्याच्या एका शाळेची पोरे त्यांच्या बसमधून आम्हाला मागे टाकून ओरडत पुढे गेली आणि गजाने खिडकीतून त्यांना पलीकडचे म्हणून घेतले. शाळेच्या मोठ्या खोलीत फळा, समोर साहेब, त्यांच्या बाजूला मोठे सर आणि बाबूजी, मागे चार शाळांची पोरे. साहेब हिंदी मुलखातले, जाडजूड, सुपारी चघळणारे. मराठी त्यांना समजत होती आणि बोलायची हौसही होती. माने सरांनी खेळ सुरू केला. पोरांनी ओरडून ओरडून फळा भरला, सूर्य, आई, हा बाक, सौसरचा बाजार, साहेब. साहेब म्हटल्यावर मोठे सर कासावीस झाले, पण साहेब खूश झाले. मग पुसणे सुरू झाले. सूर्य स्वप्नात दिसतो का, दिसतो, पुसा. बाजार पुसला. आई पुसताना पोरे जरा थांबली, पण तीही पुसली. मग गजाने साहेबांना पुसले, आणि साहेब स्वतःच टाळी वाजवून हसले. फळा काळाभोर झाला. माने सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “सुलभा, सगळं गेलं. आता काय राहिलं?”

मी उभी राहिले. ‘अंततोगत्वा’ आठवले आणि त्याच्या पुढे काही नव्हते. वाक्य होते तिथून कोणी पुसून टाकावे तसे झाले होते. समोर बाबूजींचे ओठ हलताना दिसत होते, ते मला शब्द देत होते, पण मला वाचता येत नव्हते. सर थांबले होते. मला एकच कळत होते की मी बोलले नाही तर तास गेला, सर गेले. आणि मग माझ्या तोंडून आईच्या स्वयंपाकघरातले बोलणे बाहेर पडले, “थांबा ना सर, इचार करून राहिली ना मी.”

आधी लोधीखेड्याची पोरे हसली, मग सगळेच. माझे कान पेटले. नागपूरच्या त्या वर्गात बाबूजींना काय वाटले असेल ते त्या क्षणी मला पुरते समजले, आणि मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पण माने सर हसत नव्हते. ते फळ्यासमोर खडू धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा स्टेशनवर गाडी हुकलेल्या माणसाचा होता, फक्त या वेळी हुकलेली गाडी परत आल्यासारखा. ते साहेबांकडे वळून म्हणाले की मी विचारलं, सगळं पुसल्यावर काय राहिलं. ही म्हणते, इचार करून मी राहिली. मी वर्षभर या वाक्याला चुकीचं समजत होतो. साताऱ्याला आम्ही म्हणतो, विचार करत आहे. पण ‘आहे’ तर हा बाकही आहे, आणि तो आपण मघाशीच पुसला. हे सगळं स्वप्न असलं तरी, ते स्वप्न आहे का असा विचार करत कोणीतरी मागे राहतंच. ते राहणं या पोरीच्या क्रियापदात आधीपासून बसलेलं आहे. सर इतके भरभर बोलले की त्यांना धाप लागली.

साहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ते कच्चे नव्हते. ते म्हणाले की ही तर तुमची हुशारी झाली मास्टरजी, पोरीची तर चूकच झाली ना. मग ते शेजारी वळले. “गुरुजी, मराठीचे तुम्ही. तुम्ही सांगा, हे वाक्य सही आहे का गलत?”

बाबूजी उठले. सोळा वर्षे ज्यांनी हे वाक्य आमच्या पाटीच्या डाव्या बाजूला लिहिले, त्यांना आता चार शाळांसमोर तेच करायचे होते, आणि ते त्यांनी केले की तास संपला. मला त्यांचा राग नव्हता. उलट कीव आली, कारण ते खोटे बोलणार नाहीत हे मला ठाऊक होते. त्यांनी कोटाचे बटण लावले, काढले. काळ्या फळ्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. साहेब म्हणाले, बोला ना गुरुजी. बाबूजींनी एक हात थोडा वर केला, आणि अजिबात न अडखळता म्हणाले, “साहेब, इचार करून राहिलो.”

मग साहेबांच्या पोटातून हसू निघाले आणि ते टेबलावर हात आपटत म्हणाले, “म्हणजे गुरुजी भी राहिले!” त्यापुढे कोणाला काही ऐकू आले नाही. साहेबांनी शेऱ्यांच्या वहीत तास चालू ठेवावा असे लिहिले, मोठ्या सरांनी ते दोनदा वाचले. माने सर पुढे निवृत्त होईपर्यंत पांढुर्ण्यालाच राहिले, आणि वेळापत्रकातला तो चौकोन शेवटपर्यंत ‘इतर’च राहिला. बाबूजींची जीभ खरेच घसरली होती की त्यांनी जाणूनबुजून तसे म्हटले, याचा माझ्या भावंडांत आजही वाद आहे. मी एकच सांगते. घसरलेल्या माणसाचा चेहरा पडतो. बाबूजींचा पडला नव्हता, मोकळा झाला होता.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने सौसरचे काही विचारले नाही, आमचे चेहरे पाहून तिला काय वाटले असेल ते असो, ती आत गेली. तिने गोळाभात केला होता, कढईत फोडणीचे तेल तापत होते आणि मिरचीचा ठसका बैठकीपर्यंत येत होता. बाबूजींनी हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. दाराशी ती पाटी होती, डावीकडे सकाळचेच माझे कुठले तरी ‘मले’ अजून लिहिलेले. बाबूजी पाटीकडे बघत म्हणाले, “वाढ वो लवकर. लई भूक लागून राहिली.”

आत पळी थांबली. फोडणी तशीच चुरचुरत राहिली, ती जळेल की काय असे मला वाटले. मग आईचा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर सुटे, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा.

“वाढत आहे.”

बाबूजी पाटावर बसल्या बसल्या हसायला लागले. असे हसताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. डोळ्यांतून पाणी आले, खांद्यावरच्या पंच्याने ते पुसत होते आणि पुन्हा हसत होते. म्हणजे तिला सगळे येत होते, सोळा वर्षे येत होते. आई ताट घेऊन बाहेर आली, त्यांच्यासमोर ठेवले, भातावर तेलाची धार धरली. वाढून झाल्यावर ती आत गेली नाही. पदराने हात पुसत तिथेच, बैठकीच्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “रविवारी त्या मानेभाऊंले जेवाले बोलवा. गोळाभाताचं मले इचारून राहिले होते थे, तुमाले नाही.”